भट्टीही दिसते, चेहराही दिसतो

११ जानेवारी

ठकू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि तोंडाला कुलूप लावतेस. म्हणून आता पोस्टमनला कामाला लावलंय. आईच्या अक्षरातलं पाकीट न फोडता टाकून देण्याइतकी तू निगरगट्ट नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

घरी ये म्हणून लिहीत नाहीये, घाबरू नकोस. "काका त्या घरात येत-जात असेपर्यंत मी पाऊल ठेवणार नाही," असं म्हणून गेलीस, ते तुझं तू सांभाळ. मी वेगळंच सांगायला बसलेय. तुझा कॅमेरा मी कपाटावरून खाली काढलाय.

कारण भट्टी बंद होतेय. मार्चअखेर. फाटकाशेजारच्या फलकावर कागद लागलाय. दिव्यांचे गोळे आता दुसरीकडे यंत्रावर निघणार. तोंडाने फुंकून काच फुगवणारी माणसं कुणाला नकोत. आणि एकदा विझली की ही भट्टी पुन्हा पेटत नाही. गार होताना आतल्या विटाच तडकतात.

आठवण राहावी म्हणून ऑफिसने शहरातून व्हिडिओवाले बोलावले होते. केवढे ते कॅमेरे, केवढ्या त्या पेट्या! साहेबांचं भाषण घेतलं, धुराडं घेतलं, फाटक घेतलं. भट्टीच्या शेडमध्ये जेमतेम डोकावले. "इथे काही येत नाही हो. उजेडाला धरलं तर माणसं काळी, माणसांना धरलं तर भट्टी पांढरी," असं म्हणून गेले निघून.

मी भिंतीपलीकडे, गोळे तपासायच्या माझ्या टेबलावरून ऐकत होते. तुझंही अगदी हेच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या मेळाव्यात तू काढलेली फिल्म लावली. मागे भट्टीचा नुसता पांढरा पडदा आणि पुढे काका जळक्या ओंडक्यासारखे. कुणीतरी "भट्टीपुढचं भूत" म्हणालं आणि सगळा हॉल हसला. भाऊजी उठून गेले. घरी येऊन म्हणाले, पोरीने चारचौघांत माझं हसं केलं. त्यावर तू म्हणालीस, चेहराच तसा असेल तर कॅमेरा काय करणार! मग जे व्हायचं ते झालं. मी कुणाचीच बाजू घेत नाही. पण भट्टी जातेय, आणि तुझे काका तिच्यापुढे शेवटचे उभे राहणार आहेत. ते कुणी धडपणे टिपलंच नाही तर मला चैन पडायचं नाही.

कॅमेरा घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. जाड चष्म्यामुळे सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात ते. त्यांनी तुझा कॅमेरा उलटसुलट केला. म्हणाले, "बाई, हा स्वस्तातला आहे, पण याच्या पोटात आहे त्यापेक्षा कमीच हा बाहेर देतो. कंपनीने तसं बांधूनच ठेवलंय. काही हौशी लोकांनी याचं आतलं फर्मवेअर, म्हणजे याला चालवणारा प्रोग्रॅम, बदलून फुकट वाटून ठेवलंय. ते घातलं की हा रॉ व्हिडिओ देतो."

"रॉ म्हणजे?"

"शिवलेला कपडा आणि ताग्यातलं कापड, यात फरक काय?"

हे मला बरोबर कळलं. शिवलेला झंपर उसवून किती सैल करणार? कापड हातात असेल तर हवा तसा बेता. तुझा कॅमेरा आजवर शिवून देत होता, आणि तेही घट्ट.

"पण घालताना चुकलं तर कॅमेरा मरेल," भिंगवाले म्हणाले. "मेला तर माझ्या दारात आणू नका. मी आधीच सांगितलंय."

कॅमेरा तुझा आहे, म्हणून तुला विचारते. आठवड्याभरात 'नको' आलं नाही तर 'हो' समजेन.

आई


२ फेब्रुवारी

ठकू,

'नको' आलं नाही.

रविवारी सकाळी तुझे बाबा आणि मी टेबलाशी बसलो. बॅटरी पूर्ण भरलेली, फाइल कार्डावर घातलेली. बाबांनी घरातला पंखा बंद केला. का, तर वाऱ्याने काही बिघडायला नको! मी म्हटलं, अहो, ऑपरेशन नाहीये. पण बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडे, दहावीचा निकाल बघावा तसे बघत बसलो. मग हिरवी अक्षरं आली. बाबांनी पंखा लावला.

आता फोटो पुसायचं, कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण दाबलं की एक अख्खी नवी यादी उघडते. कॅमेऱ्यात इतकं काही होतं आणि आपण त्याला साधा समजत होतो. असो, माणसांचंही तसंच असतं, पण ते जाऊ दे.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. चित्रभर गुलाबी ठिपके, गोवर आल्यासारखे. आणि चार-पाच सेकंदांत रेकॉर्डिंग आपोआप बंद. कॅमेरा आतून एवढा माल ओततो की कार्डाला तो भरून घेणं झेपत नाही. त्या बदललेल्या फर्मवेअरवाल्यांचा इंटरनेटवर एक अड्डा आहे, तिथे मी दुभाषी यंत्राच्या मदतीने प्रश्न टाकला. कुठल्या कोपऱ्यातली कोण माणसं, पण काय तत्परतेने उत्तरं देतात गं! ठिपके काढायचा प्रोग्रॅम एकाने पाठवला. दुसऱ्याने सांगितलं, चौकट लहान करा, कार्डाला दम मिळेल.

मग तपासणी विभागात करून बघितलं. माझ्या शेजारी बसणारी बारकी आहे ना, तिला म्हटलं पेटता दिवा घातलेला गोळा हातात धरून उभी राहा. मागे अंधार. संगणकावर चित्र उघडलं तर पोतेऱ्यासारखं करडं, मेलेलं. माझं तोंडच पडलं. पण हळूहळू अंधार वर ओढला, उजेड खाली आणला, आणि काय सांगू! दिव्याची तार वेगळी दिसते, काचेची कड वेगळी दिसते, आणि बारकीच्या गालावरची लवसुद्धा. हे सगळं आधीपासूनच त्या चित्रात होतं. फक्त झाकलेलं.

प्रिंट सोबत पाठवतेय. बारकी म्हणते, इतकी चांगली मी लग्नातही दिसले नव्हते.

आई


१६ फेब्रुवारी

ठकू,

तुझा मेसेज आला. दोन वर्षांनी तीन शब्द: "फोकस मागे आहे."

मी तो बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "रागावलीय का?" मी म्हटलं, अहो, रागावलेलं माणूस चूक दाखवत नाही, गप्प बसतं. चूक दाखवतेय म्हणजे प्रिंट हातात घेऊन नीट बघितलीय. त्या तीन शब्दांवर मी दिवसभर तरंगत होते. आणि बरोबर आहे तुझं, फोकस बारकीच्या कानावर गेलाय.

आता दुसरं. भाऊजींना विचारलं.

त्या मेळाव्यानंतर त्यांनी शेडमध्ये कॅमेरा आणायला बंदी केलीय, तुला ठाऊक आहे. भट्टीचे मुकादम तेच, तेव्हा त्यांचा शब्द शेवटचा. ऑफिसच्या व्हिडिओवाल्यांनासुद्धा साहेबांची चिठ्ठी आणावी लागली होती. मी चिठ्ठी कुठून आणू? जेवणाच्या सुट्टीत बाबांचा लॅपटॉप घेऊन सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"भाऊजी, एक बघता का?"

"वहिनी, कॅमेऱ्याचं असेल तर नको."

"बारकीचं आहे. बघा तर खरं."

बघितलं. मग मी दुसरं चित्र उघडलं. खरं सांगते, ते मी चोरून घेतलं होतं, शेडच्या दारातून, त्यांची पाठ होती तेव्हा. भट्टीचं तोंड उघडं आणि तिच्यापुढे तुझे काका अर्धे वळलेले. आतली काच दिसतेय, मधासारखी, वेगवेगळ्या रंगांची, एक पट्टा नारिंगी, एक जवळजवळ हिरवट. आणि त्या उजेडात त्यांचा कान, घामाची धार, कपाळावरची ती जुनी भाजल्याची खूण.

चोरी उघड केली म्हणून मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अशीच दिसते ती," ते म्हणाले. "आम्हाला. बाहेरच्याला वाटतं आत नुसता जाळ आहे. आत रंग असतात. रंग बघूनच काच काढायची असते. मी घरी बायकोला किती वेळा सांगायचा प्रयत्न केला." मग म्हणाले, "हा तोच कॅमेरा?"

"तोच. ठकूचाच."

"मग तेव्हा असं का नाही आलं?"

"तेव्हा तो बांधलेला होता. आता सोडवलाय."

त्यांनी अर्धा डबा तसाच झाकला. म्हणाले, "समोरून काढा. चोरून काढू नका. आणि मध्ये येऊ नका." उठताना, अगदी सहज विचारल्यासारखं, "तिला दाखवलंत हे?"

मी म्हटलं, पाठवते.

पाठवलंय.

आई


१२ मार्च

ठकू,

तुझे मेसेज आता इतके येतात की बाबा म्हणतात, पोस्टाचा धंदा बुडवणार ही. "उजेड भट्टीच्या तोंडाला धरून मोज, चेहऱ्याला नको." "आवाज वेगळा घे." "लेन्सवर धूळ आहे." अगं हो! कुठे ऑफिसात विम्याचे कागद चाळतेस आणि कुठून वेळ काढतेस? पण थांबवू नकोस. मी पत्रं मात्र लिहिणार. काही गोष्टी अंगठ्याने लिहून होत नाहीत.

आवाज बाबा घेतात. रॉमध्ये हा कॅमेरा मुका होतो, म्हणून छोटा रेकॉर्डर वेगळा. दर वेळी सुरुवातीला दोन लाकडी ठोकळे आपटायचे, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. तुझे बाबा ठोकळे असे आपटतात की जणू न्यायाधीशच. भट्टीवरचे लोक त्यांना "ऑर्डर ऑर्डर" म्हणून चिडवतात. बाबा खूश.

पण एक अडचण काही सुटत नव्हती. शेवटच्या दिवशी भाऊजी सगळ्यात मोठा गोळा फुंकणार आहेत. चौकातल्या दिव्यांसाठी पूर्वी करायचे तसला, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा. त्याला मोठी, पूर्ण चौकट हवी. आणि मोठ्या चौकटीत कॅमेरा थोडा वेळच चालतो. मग कोपऱ्यातली खूण हिरव्याची पिवळी, पिवळ्याची लाल होते आणि तो बंद पडतो. साठलेलं सगळं कार्डावर उतरेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. लहान चौकटीत घेतलं तर सलग मिळतं, पण मोठ्या पडद्यावर फाटतं. अड्ड्यावर विचारलं, तर जो तो म्हणतो, महागडा कॅमेरा घ्या. आम्हालाही कळतंय की ते!

मग परवा मी कॅमेरा न घेता नुसती शेडमध्ये बसून राहिले. भाऊजी फुंकनळीवर काच घेतात, फिरवतात, फुंकतात. काच गार होऊन आखडायला लागली की पुन्हा भट्टीच्या तोंडात धरतात, मऊ होईपर्यंत. बाहेर काढतात, फुंकतात. परत आत. इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसून मी हाच आवाज ऐकतेय आणि माझ्या डोक्यात प्रकाश आत्ता पडला. काच आत असते तेव्हा नळी फिरत राहण्यापलीकडे बघण्यासारखं काही नसतं. तेवढ्यात माझं कार्ड भरून घेईल! काच विसावा घेते तेव्हा कॅमेऱ्यानेही घ्यायचा. काच बाहेर आली की आम्ही दोघं तयार.

पळत जाऊन घेऊन बघितलं. जुळलं, ठकू. घड्याळ लावल्यासारखं जुळलं.

भाऊजींनी विचारलं, "त्या कोपऱ्यात काय लाल होतंय?" मी सांगितलं. "म्हणजे त्यालाही दम लागतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी पत्रा कापून त्याला स्टँड लावलंय आणि लेन्सच्या मापाचं गोल भोक पाडलंय, कडा कानशीने घासून. म्हणाले, "तुम्हाला धग लागते ते ठीक, कॅमेरा वितळायला नको." बघ, वहिनी वितळली तर चालेल!

बाकी सगळं ठीक. एक तारखेपासून मी घरीच असेन, म्हणजे संगणकावर बसायला मोकळी. तपासायला गोळेच नसले तर तपासणारी कशाला लागते? काळजी करू नकोस, मीही करत नाही. निदान दिवसा तरी करत नाही.

आई


१ एप्रिल

ठकू,

झालं! एप्रिल फूल नाही. मिळालं, सगळं मिळालं.

सुरुवातीपासून सांगते. काल दुपारी शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. साहेबही आले होते, हाताची घडी घालून मागे उभे होते. पत्र्याच्या आड मी, बाजूला ठोकळे घेऊन बाबा, आणि बारकी माझ्या हातात बॅटऱ्या द्यायला. तू सकाळी पाठवलेलं मी तंतोतंत केलं. चौकटीची वरची-खालची पट्टी थोडी कापली, म्हणजे रुंदी तेवढीच आणि ओझं कमी.

भाऊजींनी काच घेतली. दोन जण नळीला टेकू देणारे, एक जण ओल्या लाकडी साच्याने आकार देणारा. पहिली फुंकर, दुसरी, तिसरी. मी चालू, बंद, चालू, बंद. गोळा कलिंगडाएवढा झाला, घागरीएवढा झाला. इतका मोठा गोळा बाहेर आला की शेडमधल्या सगळ्यांच्या तोंडावर उजेड येत होता, आणि आत गेला की जात होता. मला पडद्यात ते सगळे चेहरे दिसत होते. एकही काळा नाही, ठकू. एकही नाही.

शेवटच्या फुंकरीआधी गोळा आत होता आणि माझी खूण अजून लाल. कार्डावर उतरतंच होतं. आधीच्या वेळी काच जास्त वेळ बाहेर राहिली होती, म्हणून साठलं होतं. मी मनात म्हणतेय, हो बाई हो, लवकर हो. नळीवरच्या एकाने भाऊजींना खूण केली, काढा आता, मऊ झालीय. भाऊजींनी नाही काढली. नळी तशीच फिरवत राहिले. त्यांचं लक्ष काचेवर नव्हतं, माझ्याकडे होतं.

तुला माहीत आहे ना, मी काय सांगतेय ते? लग्नकार्य असो की साहेब येवोत, त्या माणसाने काचेला आजवर कुणासाठी थांबवलेलं नाही. जरा जास्त तापली तर ती ओघळते, आणि अख्खा गोळा मातीत. नळीवरचा माणूस ओरडला, "मुकादम, जाईल!" भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, सांगा."

खूण हिरवी झाली. मी मान हलवली. बाबांनी ठोकळे आपटले.

त्यांनी गोळा बाहेर काढला आणि फुंकला. मी एवढी लांब फुंकर कधी बघितली नाही. गोळा खाली ओघळू बघत होता आणि ते नळी फिरवून फिरवून त्याला सावरत होते. गाल फुगलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या. पडद्यात हिरवं, मग पिवळं. पिवळ्याचं लाल झालं. तेवढ्यात त्यांनी तोंड नळीवरून काढलं, गोळा समोर धरला आणि त्याच्याकडे बघून हसले. ते हसू आलं आणि मग कॅमेरा बंद पडला.

मग असा काही गलका झाला की बाबांचा रेकॉर्डर फुटायचा बाकी राहिला. साहेब टाळ्या वाजवत होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

गोळा रात्रभर शेजारच्या लहान, मंद भट्टीत ठेवला, सावकाश निवायला. आज मी कामावर नाही, तरी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि दुसऱ्या एकाच्या मदतीने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी मागे दिवा लावून तो टेबलावरच फिरवून बघितला. एक बुडबुडा नाही, एक रेघ नाही. चिठ्ठी चिकटवली: पास.

हार्ड डिस्क कुरिअरने पाठवतेय. आता पुढचं तुझं. मला कापड आणता येतं, बेतायचं तू.

आई


१९ मे

ठकू,

तू यायला हवं होतंस. पण आली नाहीस म्हणून सगळं सांगायची मजा माझ्या वाट्याला आली.

गावातलं थिएटर मालकाने सकाळच्या खेळाला मोफत दिलं. भट्टीवरचे सगळे पहिल्या रांगांत, बायकापोरांसकट, इस्त्रीचे कपडे घालून. काकू काकांच्या शेजारी. अंधार झाला. तू सुरुवातीला काहीच बोलणं ठेवलं नाहीस, नुसता फुंकनळीचा आवाज आणि काळा पडदा, मग हळूच तो पहिला नारिंगी. मला वाटलं होतं मी हे सगळं बघून बघून कंटाळलेय. पण तू ते रंग जसे लावलेस ना! एवढ्या मोठ्या पडद्यावर भट्टीच्या आतली काच वाहताना दिसली, आणि काकूंचा आवाज आला, साऱ्या थिएटरला ऐकू जाईल असा: "अगबाई, हे रंग होय!"

शेवटची फुंकर आली तेव्हा लोक चक्क श्वास धरून होते. ते हसू पडद्यावर आलं आणि सगळे उभे राहिले. बाबा ठोकळे घेऊनच आले होते, ते वाजवायला लागले.

दिवे लागल्यावर तुझे काका उठून पडद्यापाशी गेले. बोलायची सवय नाही त्यांना. म्हणाले, "ही फिल्म माझ्या वहिनीने काढली आणि माझ्या पुतणीने बांधली. पुतणी इथे नाही, ती चूक तिची एकटीची नाही." आणि खाली येऊन बसले. एवढंच. पण मी तुला जसंच्या तसं लिहून पाठवतेय, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आता मोठी बातमी. तू अर्ज केलेल्या तुझ्या शहरातल्या महोत्सवाने फिल्म घेतलीय, हे तुला कळलंच असेल. पण त्यांनी मला वेगळा ईमेल केलाय: कुठला कॅमेरा वापरला? मी लिहिलं. त्यांचं पुन्हा आलं, काही गैरसमज होतोय का, हा तर नवशिक्यांचा जुना कॅमेरा आहे. मी लिहिलं, नवशिकीच आहे मी. शिवाय कॅमेराही माझ्यासारखाच, वयस्क पण सोडवलेला. छायाचित्रणाच्या बक्षिसासाठी निवडलेल्या पाच फिल्म्समध्ये आपली आहे. बाकीच्या चौघांच्या कॅमेऱ्यांच्या किमतीत म्हणे घर येतं.

आणि नदीपलीकडच्या घंटा ओतणाऱ्यांनी निरोप पाठवलाय, आमच्या ओतशाळेचंही असंच काढून द्या, तुमचा दर सांगा. दर! मी भिंगवाल्यांना विचारलं, दर काय सांगू? ते म्हणाले, "मला विचारू नका, मी तुम्हाला कॅमेरा मरेल म्हणून सांगितलं होतं." पुढच्या महिन्यात कामाला सुरुवात. बारकी मदतनीस.

काका शेजारी बसलेत आणि पेन मागतायत. देते.

ठकू, काका लिहितोय. तुझ्या शहरात सिनेमा दाखवणार त्या दिवशी तुझी आई, बाबा, काकू आणि मी येतोय. गाडी सकाळी पोचते. सामानात काचेचा मोठा गोळा आहे, तुझ्यासाठी. तो कुणा हमालाच्या हाती द्यायचा नाही, एका माणसाला उचलवत नाही आणि माझ्या बरोबरीने नीट धरेल असं दुसरं कुणी मला दिसत नाही. ऑफिसला सुट्टी टाक आणि फलाटावर ये.